ब्रेक दाबला की दिवा विझायचा: आंजर्ल्याकडच्या एका गाडीच्या टेललाईटचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण आंजर्ल्याकडच्या एका घरातलं आहे, नावं देत नाही, आपण त्यांना भाऊ आणि वहिनी म्हणू. घराला लागून चार खोल्या पाहुण्यांसाठी काढल्यात, जेवण वहिनींच्या हातचं, म्हणजे मासे आलेच, त्यामुळे सीझनला भाऊ आठवड्यातून चार-पाच दिवस हर्णै बंदरावर लिलावाला जातात आणि थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून मासे डिकीत टाकून आणतात. गाडी दहा वर्षं जुनी हॅचबॅक. हीच गाडी पाहुण्यांना दापोलीवरून खेड स्टेशनला सोडायला जाते, पहाटेची ट्रेन असली की काळोखात, आणि तो रस्ता सगळा वळणावळणाचा.

मी गॅरेजवाला नाही. मी घरांचं वायरिंग, पंप, इन्व्हर्टर असली कामं करतो, भाऊंच्या घरचं वायरिंगही माझंच. त्यामुळे बाकी सगळे उपाय थकल्यावर त्यांनी मला हाक मारली आणि मीही गेलो. या प्रकरणात मी पण एक मोठी चूक केली, ती जशी झाली तशी खाली लिहिली आहे, कारण कामाची माहिती त्याच भागात आहे.

अडचण काय होती

डाव्या बाजूचा टेललाईट. पार्किंग लाईट लावली की मंद लाल दिसायची, आणि ब्रेक दाबला की जास्त पेटायच्या ऐवजी विझल्यासारखी व्हायची. इंडिकेटर दिला तर त्याच्याबरोबर लाल दिवा पण लुकलुकायचा. एकदा रात्री पावसात मागून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने पुढे येऊन गाडी थांबवली आणि सांगितलं की तुम्ही ब्रेक मारलात की तुमची डावी बाजू गायब होते, मला वाटलं मोटरसायकल आहे. भाऊ तेव्हा खरे घाबरले, गाडीत मागे पाहुण्यांची दोन मुलं झोपलेली होती.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे असं आहे. पावसाळी रात्री मागच्याला आपल्या गाडीचं जे काही दिसतं ते तेवढंच, दोन लाल ठिपके, आणि त्यातला एक गेला की गाडीची रुंदीच कळत नाही. म्हणून या कामाला मी किरकोळ समजत नाही.

आधी काय काय करून झालं होतं

पहिल्यांदा हे झालं तेव्हा शिमगा होता. भाऊंना पक्कं आठवतं कारण पालखी घरी येणार होती आणि मुंबईची माणसं आणायला खेडला गेले होते. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे कामाला येते, आम्ही कोणीच तेव्हा तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

एप्रिलात रस्त्यावरच्या एका गॅरेजात बल्ब बदलला. लाईट बाहेर काढली, २१/५ वॅटचा दोन फिलामेंटवाला बल्ब (२१ ब्रेकचा, ५ पार्किंगचा) घातला, आठ-दहा दिवस सगळं छान आणि परत तेच. आता विचार केला तर कळतं की बल्ब चांगलाच होता, काढघाल करताना मागची वायर हलली आणि कुठेतरी तात्पुरता कॉन्टॅक्ट झाला, बस्स. दुरुस्ती झाली असं वाटण्यासारखी वाईट गोष्ट नाही, त्याने दोन महिने जातात.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि काचेच्या आत वाफ धरलेली दिसली. मग दुसऱ्या एकाने निदान केलं की पाणी शिरतंय, लाईट परत काढली आणि चारी बाजूंनी भरपूर सिलिकॉन मारून चिकटवून टाकली. खालचं पाणी निघायचं बारीक भोक पण बुजवलं. जुलैत गाडी फारशी फिरलीच नाही, पाहुणे नाहीत, मासेमारी बंदी असल्याने लिलाव नाही. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात गेल्या, भाऊंच्या बंदरावरच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि दिवा परत रुसला. गणपती दोन-अडीच आठवड्यांवर आलेले, चारही खोल्या बुक.

समोर असलेले पर्याय

आम्ही पडवीत बसून चार गोष्टी धरल्या. एक, शहरातल्या मोठ्या वर्कशॉपला गाडी द्यायची, पण गणपतीच्या आधी तिकडे गर्दी आणि गाडी दोन-तीन दिवस अडकणार. दोन, अख्खी असेंब्ली, म्हणजे काच आणि होल्डरसकट पूर्ण लाईट, नवीन घालायची. तीन, भंगारातून जुनी मिळते का बघायची, पण तिचंही रबर आणि फोम कडकच झालेलं असणार. चार, मी स्वतः खोलून बघायचं. वहिनींचं म्हणणं होतं की जे करायचं ते आता नीट करा, परत परत नको. चौथा पर्याय घेतला. तो बरोबर होता असं मला आजही वाटतं, फक्त त्याच्या आतला क्रम मी चुकवला.

लाईट काढताना

या गाडीत डिकी उघडली की लाईटच्या आतल्या कडेला दोन स्क्रू दिसतात, ते काढायचे. बाहेरच्या बाजूला स्क्रू नसतो, तिथे प्लास्टिकच्या दोन खुंट्या असतात ज्या बॉडीतल्या रबरी बुशमध्ये घट्ट बसतात. म्हणून स्क्रू निघाले की लाईट सरळ मागे, म्हणजे आपल्या अंगाकडे ओढायची, आडवी उचकटायची नाही. काही गाड्यांत डिकीच्या आतून अस्तर बाजूला करून नट काढावे लागतात, तेव्हा आधी आपल्या गाडीचं बघून घ्या.

सिलिकॉनमुळे आमची लाईट हलेना. मी स्क्रूड्रायव्हरला कापड गुंडाळून कडेने उचकटलं आणि वरची खुंटी कट्कन तुटली. वाईट वाटलं, कारण दहा वर्षांचं प्लास्टिक, उन्हाने वाळलेलं, ते वाकणार नाही हे मला कळायला हवं होतं. मग भाऊंनीच सुचवलं ते खरं, त्यांनी घरातून मासेमारीची तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी आणली, जाडसर, दोन्ही टोकांना लाकडाचे तुकडे बांधले आणि लाईट व बॉडीच्या फटीत घालून करवतीसारखी मागेपुढे ओढली. पाच मिनिटांत सगळं सिलिकॉन कापलं गेलं, रंगाला ओरखडा नाही. हे आधी केलं असतं तर खुंटी वाचली असती.

सिलिकॉनबद्दल एक सांगतो. कोरडं होताना ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन वायरिंगजवळ लावू नका, त्यातून अ‍ॅसिड सुटतं आणि तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं मिळतं, काच-अ‍ॅल्युमिनियमवाल्यांकडे असतं. आणि टेललाईटला खरं तर सिलिकॉन लागतच नाही, तिथे फोमचं गॅस्केट असतं, ते बदलायचं. सगळीकडून बुजवलेल्या डब्यात आत राहिलेली वाफ बाहेर कुठून पडणार, ती काचेवरच बसते.

पहिलं मोजमाप, जिथे मी चुकलो

कनेक्टर काढला, लॉकची जीभ दाबून, वायरला धरून ओढायचा नाही. पिनांवर थोडा हिरवा जंग होता. कॉन्टॅक्ट क्लिनर मारला, जुन्या टूथब्रशने घासलं.

लक्षणं अर्थिंगकडे, म्हणजे करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परत जातो त्या वाटेकडे, बोट दाखवत होती हे मला तेव्हाही कळत होतं. एका असेंब्लीत पार्किंग, ब्रेक, इंडिकेटर सगळ्यांचं अर्थिंग एकाच वायरीवर असतं. ती वायर नीट नसली की ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेला करंट परतीची वाट शोधतो आणि शेजारच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, तिथून पुढच्या इंडिकेटरच्या बल्बपर्यंत जाऊन तिथे अर्थ होतो. म्हणून एक दाबलं की दुसरं मिणमिणतं. आणि पार्किंग चालू असताना ब्रेक दाबला तर दोन्ही फिलामेंटच्या दोन्ही टोकांना जवळजवळ सारखाच व्होल्टेज येतो, मग पेटणार कोण? म्हणून विझायचं.

हे सगळं कळत असून मी मल्टीमीटर बझरवर, म्हणजे जोड सलग असला की वाजतो त्या सेटिंगवर ठेवला, एक टोक कनेक्टरच्या अर्थच्या पिनेला, दुसरं डिकीच्या लॉकच्या बोल्टला. बझर वाजला. मी म्हटलं अर्थिंग ठीक आहे, म्हणजे दोष लाईटमधल्या होल्डरच्या पत्र्यात. खुंटी तर तुटलीच होती, तेव्हा नवीन असेंब्ली मागवा. भाऊंनी १,६०० रुपयांची असेंब्ली आणली, मी बसवली, संध्याकाळी ब्रेक दाबला आणि नवीन कोरा दिवा जुन्यासारखाच विझला.

बझर का फसवतो ते नीट लिहितो, कारण घरच्या वायरिंगमध्ये पण हे होतं. मीटर बझरवर असताना अगदी थोडा करंट सोडतो, मिलीअँपिअरमध्ये. वायरीच्या वीस तारांपैकी एक तार लागून असली तरी तो आरामात जातो. पण २१ वॅटच्या बल्बला १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर लागतात, तेवढा करंट त्या एका तारेतून, त्या गंजातून निघत नाही. अर्थिंग तपासायचं तर लोड चालू ठेवून तपासायचं. मला हे माहीत होतं, घाईत केलं नाही.

दुसरं मोजमाप

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींना ब्रेकवर पाय ठेवून बसवलं, मीटर डीसी व्होल्टवर घेतला, कनेक्टर लाईटला लागलेलाच ठेवून मागच्या बाजूने अर्थच्या पिनेला एक टोक टेकवलं, दुसरं त्याच लॉकच्या बोल्टला. ४.२ व्होल्ट. इथे ०.२ च्या आत यायला पाहिजे. म्हणजे बॅटरीचा तिसरा भाग परतीच्या वाटेवरच खर्च होत होता.

मग खात्रीसाठी घरच्या वायरिंगमधला दीड स्क्वेअर एमएमचा हातभर तुकडा, दोन्ही टोकांना क्लिपा, एक अर्थच्या पिनेला आणि एक बोल्टला. लावल्याबरोबर दिवा भक्कन पेटला, वहिनी आतून ओरडल्या की डॅशबोर्डवरचा इंडिकेटरचा हिरवा पण गेला. तो हिरवा बारीक पेटायचा हे त्यांनी शिमग्यापासून बघितलं होतं, पण कुणी विचारलं नाही आणि त्यांनाही वाटलं असेल काहीतरी.

हा वायरचा तुकडा लावायला दोन मिनिटं लागतात. लाईट काढायच्याही आधी, कनेक्टरपर्यंत हात पोचत असेल तर, हे करून बघता येतं.

पाणी नक्की कुठून

अर्थच्या वायरीमागे हात घालत गेलो. ती डाव्या कोपऱ्यात डिकीच्या अस्तराच्या मागे खाली उतरते आणि तळाजवळ १० नंबर पान्याच्या बोल्टने बॉडीला लागते. अस्तर काढलं तर तिथे बोल्ट ओळखूच येईना, पांढरी-हिरवी-तांबडी खपली, खालचं फेल्ट ओलं, आणि वास सुकटीचा.

तेव्हा शिमगा आठवला. शिमग्याला कोकणात पाऊस कुठे असतो? म्हणजे पहिला बिघाड झाला तेव्हा बाहेरून पाणी यायचा प्रश्नच नव्हता. आम्ही सगळे, मी धरून, काचेतली वाफ बघून पावसावर घसरलो होतो. खरं पाणी आतलं होतं, माशांच्या खोक्यातलं. बर्फ वितळतो, त्यात माशाच्या अंगचं खारं पाणी, थर्माकोलला खाली चीर, आणि आपले रस्ते कडेला उतरते असतात, आपण डावीकडून चालवतो, म्हणून गाडी कायम थोडी डावीकडे कललेली आणि पाणी बरोबर डाव्या कोपऱ्यात. वर मीठ एकदा फेल्टमध्ये मुरलं की ते हवेतली ओल ओढत राहतं, समुद्राकाठच्या हवेत तर काही विचारूच नका, त्यामुळे खोका नसलेल्या दिवशी पण तो बोल्ट कधी वाळलाच नाही. उजवी बाजू ठणठणीत होती कारण तिचं अर्थिंग उजवीकडच्या वेगळ्या बोल्टवर आहे.

बाहेरूनही थोडं येत होतं, ते वेगळं. मी डिकीत टॉर्च घेऊन बसलो, भाऊ तांब्याने बाहेरून पाणी ओतत होते, खालून सुरू करून हळूहळू वर, म्हणजे कुठल्या उंचीला आत येतं ते कळतं, एकदम वरून ओतलं तर सगळंच ओलं होतं आणि काही समजत नाही. वरच्या खुंटीच्या बुशमधून थेंब येत होता आणि वायरवरून ओघळत कनेक्टरवर जात होता. पिनांवरचा हिरवा जंग त्याचा.

काय केलं आणि परत कसं बसवलं

बोल्ट गंज सुटायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवला, मग काढला. वायरचं टोक चांगलं तांबं लागेपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार बोटं कापावं लागलं, आत काळं पडलं होतं. नवीन वायर जोडून, लग (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) दाबून क्रिम्प करून, वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी. इथे एक निर्णय घ्यायचा होता, त्याच बोल्टवर परत लावायचं की जागा बदलायची. त्याच जागी लावलं असतं तर गाडी जशी कंपनीतून आली तशी राहिली असती, पुढच्या मेकॅनिकला शोधायला सोपं. पण तळाला कधी ना कधी परत पाणी जाणारच म्हणून मी वीतभर वर, अस्तरामागेच बॉडीला असलेल्या दुसऱ्या बोल्टवर घेतलं. तिथला रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा काढला, दातेरी वॉशर घालून आवळलं, आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस. जुन्या जागी गंज घासून प्रायमर मारला.

बुश दोन्ही नवीन टाकले, तीस-चाळीस रुपयांचं काम. नवीन असेंब्लीबरोबर फोम आला होता तो नीट बसलाय का बघितलं. कनेक्टरच्या पिनांना डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहणारं ग्रीस, थोडंच. वायरला कनेक्टरच्या आधी खाली झोल दिला, आपण खांबावरून घरात येणाऱ्या वायरीला देतो तसाच, पागोळीचं पाणी झोलाच्या तळाशी येऊन खाली पडतं, पुढे जात नाही.

बल्ब घालताना दोन फिलामेंटवाल्याच्या खिट्या वरखाली असतात, तो एकाच पद्धतीने बसतो, जोर करून उलटा कोंबला तर पार्किंग भगभगीत आणि ब्रेक मंद असा उलटा प्रकार होतो. मग खुंट्या बुशसमोर सरळ धरून तळहाताने दाबायचं, टक् असं बसतं. स्क्रू आधी हाताने फिरवायचे, दोन्ही थोडे थोडे, आणि फोम दबला की थांबायचं, जास्त आवळलं तर लाईटच्या प्लास्टिकच्या बॉडीला तडा जातो. काच अ‍ॅक्रिलिकची असते, तिला पेट्रोल किंवा थिनरने पुसू नका, बारीक चिरा पडतात, साबणाचं पाणी पुरतं.

सगळं लावून परत ब्रेकवर वहिनी, परत मीटर. ०.०५ व्होल्ट.

निकाल

गणपतीत गाडी रोज खेडला जात होती, पावसात, रात्री-पहाटे, दिवा एकदाही गेला नाही. काचेत सकाळी कधी हलकी वाफ येते आणि दुपारपर्यंत जाते, ती येऊ द्यावी, पाणी साचत नसेल तर काही करायचं नाही.

खोक्याची सवय बदलणं जास्त कठीण गेलं. आता डिकीत एक मोठा प्लास्टिकचा टब कायम असतो, खोका त्यात, आणि बंदरावरून आलं की भाऊ टब अंगणात ओततात. महिन्यातून एकदा फेल्ट उचलून गोड्या पाण्याने पुसून डिकी उन्हात उघडी ठेवतात. पहिल्या आठवड्यात दोनदा विसरले होते, मग वहिनींनी टब डिकीला दोरीनेच बांधून टाकला.

वेगळं काय करता आलं असतं

लाईट एकूण चार वेळा बाहेर आली, दोष तिच्यात एकदाही नव्हता. १,६०० रुपये वाचले असते, निदान खुंटी तुटली नसती तर. मला विचाराल तर सगळ्यात महागात पडलं ते न विचारणं. शिमग्याला काय झालं, तेव्हा डिकीत काय होतं, डॅशबोर्डवर काय दिसलं, हे भाऊ आणि वहिनी दोघांकडे होतं, आणि आम्ही तिघं जण एकामागून एक पाने घेऊन सरळ मागच्या बाजूला गेलो. मी तर त्यांच्या घरातला रोजचा माणूस, मला डिकीत मासे येतात हे माहीत होतं, मी त्याच खोक्यातले मासे जेवलोय.

दुसरं, बझरवर विश्वास ठेवून मी भाऊंना खर्चात घातलं. असेंब्लीचे अर्धे पैसे मी देतो म्हटलं, त्यांनी घेतले नाहीत. जुनी लाईट त्यांनी माळ्यावर ठेवली आहे, तिची खुंटी मी स्टीलचा स्क्रू आणि इपॉक्सी लावून बनवून दिली, अडीअडचणीला चालेल.

अर्थिंगची जागा बदलली त्याबद्दल एका ओळखीच्या गॅरेजवाल्याचं मत वेगळं पडलं, तो म्हणाला मूळ जागीच लावून वर रबरी टोपी घालायची होती. त्याचं म्हणणं मला पटण्यासारखं आहे. म्हणून अस्तराच्या आतल्या बाजूला मी मार्करने बाण काढून ठेवला, अर्थ इथे वर घेतला आहे, आणि शेजारी रीडिंग, ०.०५, गणपती. यंदा शिमग्याला पालखीच्या आदल्या दिवशी परत मोजलं, ०.०६ आलं, ते त्याच्याखाली लिहिलं आणि अस्तर लावून टाकलं.